शोक, आशा आणि धीर : ख्रिस्ती कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न गेल्या काही वर्षांत पत्रांतून, फोनवरून आणि बरेचदा दफनभूमीच्या फाटकाशी रिक्षाची वाट पाहताना विचारले गेले आहेत. विचारणाऱ्यांत प्रोटेस्टंट आहेत, कॅथलिक आहेत आणि घरात एकटेच ख्रिस्ती असलेलेही आहेत. मंडळ्यांच्या शिकवणीत जेथे फरक आहे तेथे तो तसाच सांगितला आहे. क्रमाने वाचण्याची गरज नाही. ज्याच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे, त्याने आधी प्रश्न ६ वाचावा आणि बाकीचे सावकाश.

१. पुनरुत्थानावर विश्वास असेल तर ख्रिस्ती माणसाने रडू नये, असे सांगतात. हे खरे आहे का?

नाही. या समजुतीसाठी थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय पुढे केला जातो, पण तेथे पौल 'शोक करू नका' एवढेच म्हणून थांबत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असे तो म्हणतो. वाक्याचा पुढचा भाग गाळला की सांत्वनाचे पत्र मनाईहुकूम होऊन बसते. स्तेफनाला पुरले तेव्हा भक्तिमान माणसांनी त्याच्यासाठी मोठा विलाप केला, असे प्रेषितांच्या कृत्यांत नोंदले आहे आणि त्याबद्दल त्यांना कोणी दोष दिलेला नाही.

बेथानीचा प्रसंग तर सर्वांना ठाऊक आहे, मात्र त्यातला एक तपशील सहसा नजरेतून सुटतो. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था येशूला भेटायला गेली आणि म्हणाली, तू येथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने तिची बहीण मरीया आली आणि तिनेही तेच वाक्य उच्चारले. मार्थेला येशूने पुनरुत्थानाबद्दलचे वचन दिले. मरीयेला वचन न देता तो तिच्याबरोबर रडला. थोड्याच वेळात आपण लाजराला बाहेर बोलावणार आहोत, हे माहीत असूनही तो रडला. आशा पक्की असली की अश्रू अनावश्यक ठरतात, असे मानणाऱ्याने या ठिकाणी थांबून विचार करावा.

२. 'आशा' म्हणजे नक्की काय? सर्व काही ठीक होईल असे वाटणे का?

रोजच्या मराठीत 'आशा लावून बसणे' यात थोडी अनिश्चितता असते, कधीकधी थोडी कीवही असते. नव्या करारातील आशा वेगळी आहे. ती आपल्या मनःस्थितीवर उभी नसून घडलेल्या एका गोष्टीवर, म्हणजे ख्रिस्ताच्या उठण्यावर, उभी आहे. त्यामुळे मनात काहीच वाटत नसतानाही ती नाहीशी होत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. 'आत्मा स्वर्गात गेला, देह तर माती आहे' असे आपण सांत्वन करताना सहज बोलून जातो. परंतु दर रविवारी आपण जो विश्वासांगीकार म्हणतो त्यात शरीराच्या पुनरुत्थानाचा उल्लेख आहे. म्हणूनच देहाला आंघोळ घालणे, आईला तिची ठेवणीतली साडी नेसवणे, केस विंचरणे हे सगळे निरर्थक नाही. ज्या देहाबद्दल देवाने काही वचन दिले आहे, त्या देहाची ती सेवा आहे.

३. धीर धरणे म्हणजे गप्प बसून सोसणे का?

असे असते तर ईयोबाचे नाव धीराच्या संदर्भात कधीच आले नसते. याकोब आपल्या पत्रात ईयोबाच्या धीराचा दाखला देतो. पण ईयोबाचे पुस्तक उघडले तर तिसऱ्या अध्यायात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देत आहे आणि पुढे कितीतरी अध्याय देवाशी वाद घालत आहे. शेवटी बेचाळिसाव्या अध्यायात देव ईयोबाच्या मित्रांना सांगतो की, माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोबच, तुम्ही नव्हे. मित्रांचे बोलणे अधिक धार्मिक होते, हे येथे ध्यानात ठेवावे.

धीरासाठी मूळ ग्रीक पत्रांत अनेकदा जो शब्द येतो, त्याचा अर्थ 'ओझ्याखाली टिकून राहणे' असा आहे. टिकून राहणाऱ्याने कण्हू नये असे त्या शब्दात कोठेही नाही. याकोब दुसरे उदाहरण शेतकऱ्याचे देतो. पॅलेस्टाईनमध्ये पेरणीच्या वेळचा पहिला पाऊस शरद ऋतूत येई आणि दाणा भरण्याच्या वेळचा शेवटचा पाऊस वसंतात. मधल्या काळात शेतकरी पीक ओढून वर काढू शकत नसे. मृग कोरडा गेल्यावर आभाळाकडे पाहत बांधावर उभा राहिलेला माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. तो माणूस आनंदी नसतो आणि शांतही नसतो. पण बियाणे विकून मोकळाही होत नाही.

४. मला देवाचा राग येतो. हे पाप आहे का?

राग देवाला सांगितला तर ती प्रार्थना आहे. तेराव्या स्तोत्राची सुरुवात 'कुठवर' या प्रश्नाने होते आणि तो प्रश्न चार वेळा विचारला जातो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी उजेडाची एकही ओळ नाही, तरीही ते पवित्र शास्त्रातून कोणी काढून टाकलेले नाही.

विलापगीताची रचना पाहण्यासारखी आहे. पाच अध्यायांपैकी चार अध्याय हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने रचलेले आहेत, जणू शोकाला धरायला काहीतरी कठडा हवा होता. देवाची दया रोज सकाळी नवी होते, हे आपल्या भिंतींवरच्या कॅलेंडरांत सतत दिसणारे वचन तिसऱ्या अध्यायात, म्हणजे पुस्तकाच्या साधारण मध्यावर, येते. ते पुस्तकाचा शेवट नाही. त्यानंतर अश्रू परत येतात आणि पाचवा अध्याय जवळजवळ प्रश्नावरच थांबतो. एके दिवशी सावरल्यासारखे वाटले आणि आठवड्याने पुन्हा कोसळलो, म्हणजे विश्वास खोटा होता, असे ज्यांना वाटते त्यांनी हे पुस्तक सलग वाचून पाहावे.

५. किती दिवस शोक करावा? वर्ष झाले, आता पुरे, असे नातेवाईक म्हणतात.

पवित्र शास्त्रात आकडे आहेत, पण ते नियम नाहीत. योसेफाने आपले वडील याकोब यांच्यासाठी सात दिवस शोक पाळला. मिसरी लोक त्याच याकोबासाठी सत्तर दिवस रडले. अहरोन आणि मोशे यांच्यासाठी इस्राएलाने प्रत्येकी तीस दिवस शोक केला. आणि योसेफ मेला असे समजून स्वतः याकोबाने सांत्वन करून घ्यायलाच नकार दिला होता.

आपल्याकडे अनेक घरांत घरची प्रार्थना, महिन्याचा मिस्सा, वर्षाची उपकारस्तुती अशा पायऱ्या असतात. त्या उपयोगी आहेत, कारण त्या दिवशी शेजारी, पाळक किंवा फादर आणि दूरचे नातेवाईक पुन्हा घरी येतात. मात्र त्या शोकाची मुदत ठरवत नाहीत. पहिल्या नाताळापेक्षा दुसरा नाताळ अधिक जड गेला, असे सांगणारे बरेच भेटतात. पहिल्या वर्षी सगळे विचारपूस करतात, दुसऱ्या वर्षी कोणी करत नाही. शोक आणि आजार यांतला फरक प्रश्न १४ मध्ये दिला आहे.

६. मला प्रार्थना करावीशीच वाटत नाही. चर्चमध्येही आवाज फुटत नाही. काय करावे?

काही काळ काहीच करू नये, हे पहिले उत्तर. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे की, कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. म्हणजे तुमचे नुसते बसून राहणेही वाया जात नाही.

दुसरे उत्तर उसनवारीचे आहे. स्वतःचे शब्द नसतील तर प्रश्न ४ मध्ये सांगितलेली स्तोत्रे रोज एक, मोठ्याने नको, नुसती डोळ्यांखालून घालावीत. आईच्या दफनाला म्हटलेले गीत रविवारी उपासनेत आले की घशात आवंढा येतो, असे अनेक जण सांगतात. माझ्याही बाबतीत तसेच होई. गीतपुस्तक उघडून उभा राहायचो आणि पहिल्या कडव्यानंतर पाने पाहत राहायचो. मागच्या बाकावरच्या एक आजी नेहमीप्रमाणे सुरापेक्षा अर्धा ठेका मागे गात असत. पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आले की ते गीत त्या इतके दिवस माझ्या वाटचेही गात होत्या. मंडळी यासाठीच असते. आपला आवाज परत येईपर्यंत इतरांनी गावे आणि आपण पुस्तक धरावे.

७. आम्ही उपास केले, प्रार्थना केल्या, तरी ते बरे झाले नाहीत. आमची श्रद्धा कमी पडली का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा कोणीतरी तसे सुनावलेले असते, आणि ज्याने सुनावले त्याने फार मोठा अन्याय केलेला आहे. पौलाने आपल्या शरीरातील काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. प्याला टळला नाही. त्यांची श्रद्धा कमी होती असे म्हणण्याचे धाडस कोण करील? इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने तरवारीच्या धारेतून सुटलेले आहेत आणि तरवारीने मारले गेलेलेही आहेत. दोघांची नावे एकाच यादीत आहेत.

८. शोक असलेल्या घरी गेल्यावर काय बोलावे? 'देवाची इच्छा' म्हणणे योग्य आहे का?

ईयोबाच्या मित्रांनी एक गोष्ट उत्तम केली : ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. बिघडले ते त्यांनी तोंड उघडल्यावर. 'देवाची इच्छा' हे शोक करणारा स्वतः म्हणू शकतो. दुसऱ्याने त्याला ते ऐकवू नये. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे विचारून येशूने स्वतःच 'नाही' असे उत्तर दिले. अपघाताचे कारण शोधणाऱ्या पाहुण्यांनी हे लक्षात ठेवावे.

जाताना जेवणाचा डबा न्यावा, तो परत न्यायची घाई करू नये. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे. नाव टाळले की घरच्यांना ते दुसऱ्यांदा गेल्यासारखे वाटते.

९. कोविडच्या काळात वडील गेले. चेहराही पाहू दिला नाही, दफनाला चारच माणसे होती. ते अपुरे राहिल्याची सल जात नाही.

२०२० आणि २०२१ मध्ये असे अनेक घरांत झाले आणि हा प्रश्न अजूनही येतो. याचे उत्तर शुभवर्तमानातच आहे. येशूचे दफन घाईत झाले. शुक्रवार मावळत होता आणि शब्बाथ लागत होता. लूक सांगतो की गालीलाहून आलेल्या स्त्रियांनी कबर पाहिली, देह कसा ठेवला ते पाहिले आणि घरी जाऊन सुगंधी द्रव्ये तयार केली. मग शनिवारी त्या आज्ञेप्रमाणे स्वस्थ राहिल्या.

त्या शनिवारविषयी शुभवर्तमाने जवळजवळ काहीच सांगत नाहीत. आपण शुभ शुक्रवारी सात उद्गारांवर तीन तास बसतो आणि ईस्टरला पहाटे उठतो. मधला दिवस मात्र बाजारहाटात जातो. परंतु शोकातली ख्रिस्ती माणसे बहुतेक वेळ त्या शनिवारातच राहत असतात : जे व्हायचे ते होऊन गेले आहे, जे यायचे ते आलेले नाही, आणि हातात तयार केलेली द्रव्ये तशीच आहेत. त्या स्त्रियांना रविवारी काय दिसणार आहे हे ठाऊक नव्हते. त्या अपुरा राहिलेला विधी पुरा करायला निघाल्या होत्या, इतकेच.

तुम्हीही तो पुरा करू शकता. कितीही वर्षांनी स्मरणार्थ उपासना किंवा मिस्सा ठेवता येतो, कबरीपाशी दफनाच्या वेळची प्रार्थना पूर्ण वाचता येते. पाळकांना किंवा फादरना सरळ सांगावे. यात संकोच करण्यासारखे काही नाही.

१०. माझे माहेर हिंदू आहे. भावाच्या दहाव्याला जावे का? आणि तो ख्रिस्ती नव्हता, तर मी कोणती आशा धरावी?

जावे. रडणाऱ्यांबरोबर रडा, या आज्ञेला धर्माची अट नाही. घाटावर उभे राहणे, वहिनीला धरून बसणे, आलेल्यांना पाणी देणे यांत कोणतीही अडचण नाही. प्रत्यक्ष पिंडदानात भाग घ्यायचा की नाही हा विवेकबुद्धीचा प्रश्न आहे. बहुतेक मंडळ्या 'नाही' म्हणतात, आणि ते घरच्यांना आधी, एकांतात, नम्रपणे सांगावे. कावळा शिवायची वाट पाहत सगळे ताटकळले असताना तेथे धर्मचर्चा काढणे मात्र शुद्ध असभ्यपणा आहे.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. त्याच्या अखेरच्या स्थितीबद्दल निकाल देण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाही, ना आश्वासक ना भयंकर. सर्व पृथ्वीचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय, असे अब्राहामाने विचारले. आपल्याला त्या प्रश्नापाशीच उभे राहता येते. दाविदाने बंडखोर अबशालोमासाठीही वेशीवरच्या खोलीत आक्रोश केला होता. प्रेम करणाऱ्याला शोकाची परवानगी मागावी लागत नाही.

११. मी प्रोटेस्टंट, पती कॅथलिक. सासूबाईंसाठी मिस्सा अर्पण करण्यावरून वाद होतो.

कॅथलिक मंडळी मृतांसाठी प्रार्थना करते, २ नोव्हेंबर हा दिवस त्यासाठी पाळते आणि मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील बाराव्या अध्यायाचा आधार देते. ते पुस्तक प्रोटेस्टंट पवित्र शास्त्राच्या ६६ पुस्तकांत नाही, कॅथलिकांच्या ७३ पुस्तकांत आहे. त्यामुळे वाद मुळापासूनच वेगळ्या पानांवर चालतो. तो तुमच्या स्वयंपाकघरात मिटणार नाही. पती प्रार्थना करीत असतील तेव्हा तुम्ही सासूबाईंच्या आयुष्याबद्दल उपकार मानावेत. एकाच कबरीला दोघांनी मिळून चुना लावायला आणि मेणबत्ती लावायला कोणाचीच हरकत नाही.

१२. आमचे बाळ जन्मण्याआधीच गेले. बाप्तिस्मा झाला नाही. लोक तर त्याला मूलच मानत नाहीत.

ते तुमचे मूल होते. कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार, आईवडिलांचा बाप्तिस्मा देण्याचा विचार असेल आणि त्याआधीच बाळ गेले, तर बिशपांच्या परवानगीने त्याला ख्रिस्ती दफनविधी मिळू शकतो. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईश्वरविज्ञान आयोगाने अशा बाळांच्या तारणाबद्दल आशा धरण्यास सबळ कारणे आहेत, असे मत मांडले. प्रोटेस्टंट पाळक सहसा दाविदाचे वाक्य सांगतात : मी त्याच्याकडे जाईन, तो माझ्याकडे येणार नाही. बाळाला नाव ठेवावेसे वाटत असेल तर ठेवावे. आणि वडिलांनाही विचारावे; त्यांना सहसा कोणी विचारत नाही.

१३. घरातील व्यक्तीने आत्महत्या केली. तिच्यासाठी आशा आहे का?

आहे. १९१७ च्या कॅथलिक कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या कायद्यातून ती तरतूद गेली, आणि कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ अशा व्यक्तीच्या तारणाबद्दल निराश होऊ नये असे सांगतो. गंभीर मानसिक त्रासात माणसाची जबाबदारी कमी होते, हेही तो मान्य करतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांत एकच नियम नाही. कोणी पाळक अजूनही कुरकुर करतात, तेव्हा मंडळीतील वडीलधाऱ्यांनी कुटुंबाच्या बाजूने उभे राहावे. देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काय काय वेगळे करू शकत नाही याच्या पौलाच्या यादीत पहिला शब्द 'मरण' आहे.

मागे राहिलेल्यांपैकी कोणाच्या मनात तसेच विचार येत असतील तर त्यांना एकटे सोडू नये आणि १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर लगेच बोलावे.

१४. हा शोक आहे की आजार, हे कसे ओळखावे? डॉक्टरकडे जाणे म्हणजे अविश्वास नाही का?

एलीया झुडपाखाली मरण मागत झोपला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याने त्याला उठवून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. देवाचे बोलणे त्यानंतर कितीतरी दिवसांनी झाले. आधी झोप आणि अन्न, हा क्रम शास्त्रातलाच आहे. झोप, भूक आणि रोजची कामे अनेक आठवडे पूर्ण विस्कटलेली असतील, कशातच लक्ष लागत नसेल, दारूचा आधार घ्यावा लागत असेल किंवा जगूच नये असे वाटत असेल, तर डॉक्टरकडे जावे. नव्या करारात पौलाच्या सोबत्यांपैकी एक वैद्यच होता.

१५. एकामागून एक माणसे गेली. आता आणखी धीर कोठून आणू?

याचे उत्तर सल्ल्याने देता येत नाही, म्हणून एक आयुष्य समोर ठेवतो. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण १८७४ च्या सुमारास, दुष्काळाच्या दिवसांत, काही महिन्यांच्या अंतराने गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. बाप्तिस्मा १८८३ चा. पुढे केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले, आणि त्या कामात ज्या मुलीवर त्यांची भिस्त होती ती मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाई तेव्हा साठीच्या पुढे होत्या. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी हातातून सोडले नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या आणि भाषांतर १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर आले. त्यांना दुःख कमी झाले असेल असे मला वाटत नाही. पुढचे पान मात्र रोज होते.

१६. वडिलांचा मोबाईल मी अजून रिचार्ज करते. कपाटही उघडलेले नाही. हे चूक आहे का?

नाही. कपाट कधी उघडायचे हे तुमचे तुम्ही ठरवावे. फक्त ते एकटीने उघडू नये, आणि चष्मा, गीतपुस्तक यांसारखी एखादी वस्तू आधीच बाजूला काढून ठेवावी, कारण वाटून देण्याच्या घाईत तीच हरवते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत, रेशनकार्डावरील नाव कमी करणे, पेन्शन बंद करणे ही कामे मात्र वेळेत करावी लागतात. त्यासाठी खिडकीपाशी उभे राहून 'मयत' हा शब्द स्वतःच्या अक्षरात लिहिताना हात थांबला, तर थांबू द्यावा. शक्य असल्यास मंडळीतल्या कोणाला तरी सोबत न्यावे, फॉर्म त्यांनी भरावा आणि सही तुम्ही करावी. मोबाईलमध्ये त्यांचा आवाज असेल तर तो दुसरीकडे उतरवून ठेवावा. त्यानंतरही रिचार्ज करावासा वाटला तर करावा.